फोडणीला वाजणारा गॅस सेन्सर: कॅलिब्रेशन स्वच्छ हवेत होत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीत तुमच्या काकूंची खानावळ आहे. तिथे तुम्ही एमक्यू-६ या गॅस सेन्सरचं तयार मॉड्यूल आर्डुइनोला (प्रोग्राम घालता येणाऱ्या छोट्या बोर्डाला) जोडून एलपीजी गळतीचा अलार्म बनवला. प्रोग्राम सुरू होताना स्वच्छ हवेत स्वतःचं कॅलिब्रेशन करतो आणि मग पडद्यावर पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत गॅसचे किती भाग) दाखवतो. उन्हाळ्यात रिकाम्या स्वयंपाकघरात ५ पीपीएम दिसायचे, जुलैत काही कारण नसताना २० दिसू लागले. अलार्म ३०० वर ठेवलाय, आणि संध्याकाळी आमटीला फोडणी पडली की आकडा ४०० च्या पुढे जाऊन बझर वाजतो. आता काकू ते यंत्र बंदच करून ठेवतात. नीट कॅलिब्रेशन कसं करायचं, असं तुम्ही विचारलंय.

मी बावीस वर्षं कारखान्यांतले गॅस डिटेक्टर बसवतोय आणि तपासतोय. तुमच्या प्रश्नातलं मला सगळ्यात जास्त काय खटकलं असेल तर ते काकूंचं यंत्र बंद करून ठेवणं. म्हणून सविस्तर लिहितो. तुमच्या सेन्सरला आजपर्यंत मोजून गॅस कुणी दाखवलेलाच नाही. कॅलिब्रेशन म्हणजे माहीत असलेल्या प्रमाणाचा गॅस दाखवून सेन्सरचं उत्तर नोंदवणं. स्वच्छ हवेत प्रोग्राम जे करतो ते कॅलिब्रेशन नव्हे.

आधी हा सेन्सर आत काय करतो ते बघू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. जाळीच्या टोपीखाली टिन ऑक्साइडचा थर दिलेली छोटी नळी असते आणि तिच्या आत हीटर. हीटर तो थर काहीशे अंश सेल्सिअसवर ठेवतो. त्या तापमानाला हवेतला ऑक्सिजन टिन ऑक्साइडच्या कणांना चिकटतो आणि त्यांच्यातले इलेक्ट्रॉन धरून ठेवतो. एका कणातून दुसऱ्या कणात जायची विजेची वाट त्यामुळे अवघड होते, म्हणजे रोध वाढतो. ब्युटेन, प्रोपेनसारखा जळणारा वायू आला की तो या चिकटलेल्या ऑक्सिजनशी रासायनिक क्रिया करतो, इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि रोध उतरतो. जपानमध्ये नाओयोशी तागुची यांनी १९६२ मध्ये याच कल्पनेचं पेटंट मागितलं. फिगारो कंपनीच्या सेन्सरांच्या नावातलं ‘टीजीएस’ म्हणजे तागुची गॅस सेन्सर. साठ वर्षांत बनावट सुधारली, तत्त्व तेच राहिलं.

यावरून लगेच कळतं की हा सेन्सर एलपीजी ‘ओळखत’ नाही. तापलेल्या पृष्ठभागावर ऑक्सिजनशी जे काही जळेल, ते सगळं त्याला सारखंच. सॅनिटायझरमधलं अल्कोहोल, थिनर, इन्व्हर्टरची बॅटरी चार्ज होताना निघणारा हायड्रोजन, तापलेल्या तेलाची वाफ, सगळ्यांना तो उत्तर देतो. हवेतलं बाष्पही त्याच पृष्ठभागावर येऊन बसतं आणि रोध उतरवतं. जुलैत तुमचा आकडा का चढला याचं अर्धं उत्तर हे. उरलेलं अर्धं मॉड्यूलवर आहे.

मॉड्यूल उलटं करा आणि सेन्सरच्या आउटपुट पायापासून ग्राउंडकडे जाणारा छोटा रेझिस्टर शोधा. त्यावर बहुतेक ‘१०२’ लिहिलेलं असेल. म्हणजे १ किलोओहम. हा लोड रेझिस्टर, याच्यावर पडणारं व्होल्टेज आर्डुइनो मोजतो. एमक्यू-६ च्या माहितीपत्रकात मात्र तो २० किलोओहमच्या आसपास असावा असं म्हटलंय. या एका रेझिस्टरमुळे किती घोटाळा होतो ते माझ्याकडच्या एका एमक्यू-६ च्या आकड्यांवरून दाखवतो. सेन्सरचा रोध काढायचं सूत्र साधं आहे: सेन्सरचा रोध = लोड × (५ ÷ आउटपुट व्होल्ट − १). माझ्या सेन्सरला २० किलोओहम लोड लावला तेव्हा स्वच्छ हवेत आउटपुट ०.७५ व्होल्ट आलं, म्हणजे रोध ११३ किलोओहम. त्याच सेन्सरला १ किलोओहम लोड लावला तर आउटपुट होतं ५ ÷ ११४, म्हणजे सुमारे ०.०४४ व्होल्ट. आर्डुइनो उनो ५ व्होल्टचे १०२४ भाग करतो, त्यामुळे त्याला हे दिसतं फक्त ९ म्हणून. ९ चा १० झाला की रोध दहा टक्के बदलला असं प्रोग्राम धरतो. तुमचे ५ पीपीएमचे २० झाले, म्हणजे त्या मोजपट्टीवर जेमतेम ९ चे १६ झाले. एवढ्या खाली मोजणाऱ्या काट्यावर विश्वास ठेवून पीपीएम काढणं म्हणजे धान्याच्या वजनकाट्यावर सोनं तोलणं.

म्हणून पहिलं काम सोल्डरिंग आयर्नचं. तो १०२ काढा आणि एक टक्का टॉलरन्सचा २० किलोओहम लावा. बाजारात २० मिळाला नाही तर १८ किंवा २२ चालेल, पण मल्टिमीटरने मोजून खरा आकडा सूत्रात घाला. नेम असा ठेवायचा की ज्या प्रमाणाला अलार्म वाजायला हवा, त्या प्रमाणाला सेन्सरचा रोध आणि लोड जवळपास सारखे असावेत. तिथे आउटपुट सगळ्यात जास्त हलतं.

आर्डुइनोऐवजी ईएसपी-३२ हा बोर्ड वापरणार असाल तर एक अडचण येते. त्याचा पाय ३.३ व्होल्टपुढे सहन करत नाही, म्हणून लोक १० आणि २० किलोओहमचा व्होल्टेज विभाजक लावतात. पण ती ३० किलोओहमची जोडी २० च्या लोडला समांतर बसते आणि खरा लोड १२ वर येतो. १०० आणि २०० किलोओहमची जोडी लावा, म्हणजे लोड १८.७५ राहील. तोच सूत्रात घाला आणि पायाजवळ ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर द्या.

दुसरं काम व्होल्टमीटरचं. एमक्यू-६ चा हीटर सुमारे ३३ ओहमचा असतो, म्हणजे ५ व्होल्टला दीडशे मिलिअँपिअर सतत ओढतो. तुम्ही सेन्सर कंट्रोलरपासून पाच मीटर लांब नेलाय असं लिहिलंय. बारीक रिबन केबलमध्ये जाऊन-येऊन दहा मीटर तांब्यात सव्वा ओहमच्या आसपास रोध होतो आणि ०.२ व्होल्ट वाटेतच जातात. हीटरला ४.८ मिळाले तर थराचं तापमान उतरतं, आणि त्याबरोबर रोधही बदलतो. म्हणून व्होल्टेज अ‍ॅडॅप्टरवर मोजू नका, सेन्सरच्या पायांवर मोजा. ब्रेडबोर्डवर ही जोडणी ठेवू नका, तिथले संपर्क महिन्याभरात सैल होतात. हीटरला जाड वायर वेगळी ओढा.

मग त्याला तापू द्या. नवा किंवा बरेच महिने डब्यात पडलेला सेन्सर चालू केला की पृष्ठभागावर साचलेलं सगळं उडून जायला वेळ लागतो. एमक्यू-६ ला किमान चोवीस तास सांगितलेत. मी स्वतः तीन दिवस ठेवतो. फिगारो आपल्या टीजीएस २६१० या एलपीजी सेन्सरला सात दिवस सांगते. तुमचा प्रोग्राम चालू झाल्यावर काही सेकंदांत जी ‘स्वच्छ हवा’ मोजून ठेवतो, ती थंड, ओल्या सेन्सरची असते. शिवाय खानावळीत दर वेळी वीज जाऊन आली की तो नव्याने मोजतो. त्या क्षणी गळती चालू असेल तर तीच स्वच्छ हवा ठरते. प्रोग्राममधला तो भाग आजच काढून टाका.

आता तुमच्या प्रोग्राममधला ‘१०’ हा आकडा. त्यात वापरलेली तयार प्रोग्राम-लायब्ररी असं धरते की स्वच्छ हवेतला रोध हा १००० पीपीएम एलपीजीतल्या रोधाच्या दहापट असतो, कारण माहितीपत्रकातल्या आलेखात तसं दिसतं. तो आलेख एका नमुना सेन्सरचा आहे, २० अंश आणि ६५ टक्के आर्द्रतेला घेतलेला. त्याच माहितीपत्रकात खाली लिहिलंय की १००० पीपीएमला सेन्सरचा रोध १० पासून ६० किलोओहमपर्यंत काहीही असू शकतो. एकाच पाकिटातल्या दोन नगांत सहापट फरक कारखान्यालाच मान्य आहे. आणि आलेखावरचा सगळ्यात डळमळीत बिंदू कुठला असेल तर तो स्वच्छ हवेचाच. गॅस असतो तेव्हा गॅसचा प्रभाव इतका मोठा असतो की बाकीचे घटक दबतात. गॅस नसतो तेव्हा आर्द्रता, पंख्याचा झोत, शेजारच्या फिनेलचा वास हे सगळे तिथे राज्य करतात. अशा बिंदूवर पाय रोवून १००० पीपीएमचा अंदाज बांधायचा, हे चुकीच्या टोकाने मोजायला सुरुवात करण्यासारखं आहे.

मग गॅस दाखवायचा कसा? कारखान्यात आम्ही प्रमाणित मिश्रणाचं सिलिंडर वापरतो, त्यासोबत किती ब्युटेन आणि बाकी हवा याचं प्रमाणपत्र येतं. नायट्रोजनमध्ये मिसळलेला गॅस या सेन्सरला चालत नाही, कारण त्याला काम करायला ऑक्सिजन लागतो. हवेतलंच मिश्रण मागवावं लागतं. तुम्हाला एका सेन्सरसाठी हा खर्च परवडणार नाही, म्हणून डब्याची जुनी पद्धत सांगतो. प्रयोगशाळेच्या दर्जाची ती नाही, पण स्वच्छ हवेच्या अंदाजापेक्षा कितीतरी खरी आहे.

घट्ट झाकणाचा वीस लिटरचा डबा घ्या. धान्याचा स्टीलचा असेल तर उत्तम. रंगाची रिकामी बादली आयती मिळते म्हणून घेऊ नका, प्लॅस्टिकमध्ये मुरलेला वास आठवडाभर बाहेर येत राहतो आणि सेन्सर तोच मोजतो. डब्यात लिटरच्या मापाने पाणी ओतून त्याचं खरं आकारमान काढा, मग दोन दिवस वाळवा. आत सेन्सर, एक आर्द्रता-तापमान मोजणारा छोटा सेन्सर, आणि कॉम्प्युटरमधला छोटा पंखा ठेवा. पंखा याच जातीचा हवा, कारण त्याच्या मोटरमध्ये ब्रश नसतात आणि ठिणग्या उडत नाहीत. झाकणाला दोन भोकं पाडा, एक वायरींसाठी आणि एक सिरिंजच्या टोकासाठी. भोकं बुजवायला घट्ट मळलेली कणीक लावा. सिलिकॉन सीलंट अजिबात नको, का ते पुढे येतंय.

गॅस लायटरच्या रिफिल कॅनमधून घ्यायचा. तो मुख्यतः ब्युटेनच असतो आणि एमक्यू-६ त्याला एलपीजीसारखंच उत्तर देतो. हे काम गच्चीवर किंवा अंगणात करा, जवळ चूल, उदबत्ती, विडी काही नको. एका लहान पॉलिथिन पिशवीत थोडा गॅस सोडा, सांडलेल्या थेंबांची वाफ होऊ द्या आणि औषधाच्या दुकानातल्या सिरिंजने पिशवीतून गॅस ओढा. पहिल्या दोन सिरिंज बाहेर सोडून द्या, म्हणजे आतली हवा निघून जाईल. पिशवीत दीडशे मिलिलिटरपेक्षा जास्त गॅस एका वेळी घेऊ नका. त्यामागचा हिशेब असा: हवेत ब्युटेन सुमारे १.८ टक्क्यांखाली पेट घेत नाही, काही तक्ते ही मर्यादा १.४ टक्के धरतात. कारखान्यात हिला सगळे एलईएल म्हणतात. वीस लिटरचे १.४ टक्के म्हणजे २८० मिलिलिटर. पिशवीतला सगळा गॅस चुकून डब्यात गेला तरी तो पेटण्याच्या प्रमाणाच्या निम्म्यावरच राहतो. ही मर्यादा पाळूनच बाकीचं करा.

वीस लिटरमध्ये वीस मिलिलिटर म्हणजे हजारात एक, म्हणजे १००० पीपीएम. पंखा चालू करून २० मिलिलिटर सोडा, तीन मिनिटं थांबा, आउटपुट स्थिर झालं की लिहा. आणखी ८ सोडा, १४०० पीपीएम झाले, लिहा. आणखी ३२ सोडा, ३००० झाले, लिहा. मग झाकण उघडून बघा की आउटपुट काही मिनिटांत मूळ जागी येतं का. दुसऱ्या दिवशी पुन्हा हेच करा. दोन दिवसांचे रोध दहा टक्क्यांच्या आत जुळले तर तुमचा हात बसला असं समजा.

माझ्या त्या सेन्सरचे आकडे असे आले: १००० ला ३.१० व्होल्ट, म्हणजे १२.३ किलोओहम. १४०० ला ३.२७ व्होल्ट, म्हणजे १०.६. ३००० ला ३.६२ व्होल्ट, म्हणजे ७.६. रोध आणि पीपीएम यांचा लॉग घेऊन आलेख काढला की सरळ रेषा येते. माझ्या सेन्सरचा उतार ०.४३ आला. एमक्यू-६ साठी तो ०.४ च्या आसपासच येतो.

हा उतार नीट समजून घ्या, कारण पडद्यावरच्या पीपीएमचं काय करायचं ते तो ठरवतो. गॅस तिप्पट झाला तेव्हा रोध फक्त १.६ पट उतरला. उलट बाजूने बघा: रोधात दहा टक्के चूक झाली तर पीपीएममध्ये पंचवीस टक्के चूक होते. रोधात तीस टक्के चूक झाली तर पीपीएममध्ये ऐंशी टक्क्यांच्याही वर. आणि डिसेंबरच्या कोरड्या पहाटेपासून जुलैच्या ओल्या दुपारपर्यंत या सेन्सरचा रोध तेवढा सहज हलतो. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की या सेन्सरच्या जोरावर पडद्यावर पीपीएम लिहू नये. काकूंनी २० वाचायचे आणि त्यावरून काही ठरवायचं, असं काही त्या आकड्यात नाही.

पण अलार्म म्हणून हाच सेन्सर चांगला चालतो, तेही त्याच हिशेबातून दिसतं. घरगुती गॅस अलार्मसाठीचं युरोपी मानक ईएन ५०१९४ म्हणतं की अलार्म एलईएलच्या ३ ते २० टक्क्यांमध्ये वाजला पाहिजे. एलईएल १.४ टक्के धरलं तर १४०० पीपीएम म्हणजे बरोबर १० टक्के. माझ्या सेन्सरला मी ३.२७ व्होल्टवर अलार्म लावला. समजा थंडीत कोरड्या हवेने रोध पंचवीस टक्के वाढला. तेव्हा अलार्म वाजायला सुमारे २३०० पीपीएम लागतील, म्हणजे १७ टक्के. समजा पावसाळ्यात रोध वीस टक्के उतरला. तेव्हा तो ८४० पीपीएमलाच वाजेल, म्हणजे ६ टक्के. दोन्ही टोकं मानकाच्या आत. मोजमाप म्हणून जी चूक असह्य आहे, ती अलार्म म्हणून पचते, अट एकच की बिंदू मधोमध लावलेला हवा.

तुमचे ३०० पीपीएम मधोमध नाहीत. ते एलईएलच्या जेमतेम दोन टक्के आहेत, मानकाच्या खालच्या टोकाच्याही खाली. फोडणीला यंत्र वाजतं याचं निम्मं कारण हे. ‘जितकं कमी तितकं सुरक्षित’ असं वाटणं स्वाभाविक आहे, पण रोज वाजणारा अलार्म चौथ्या दिवशी बंद होतो, आणि खऱ्या गळतीच्या रात्री तिथे काहीच नसतं.

जमलं तर ओल्या हवेचा प्रयोगही करा. डब्यात ओला पंचा अर्धा तास ठेवा, आर्द्रता नव्वदच्या जवळ गेली की तो तसाच ठेवून २८ मिलिलिटर सोडा आणि आउटपुट लिहा. मग कोरड्या दिवशी तेच. या दोन आकड्यांच्या मध्ये बिंदू लावा. तापमान-आर्द्रतेची मोठी कोष्टकं प्रोग्राममध्ये घालण्यापेक्षा हे मला जास्त भरवशाचं वाटतं.

फोडणीचं उरलेलं निम्मं कारण जागेत आहे. तुम्ही सेन्सर शेगडीच्या वर, भिंतीवर लावलाय. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, प्रोपेन दीडपट, ब्युटेन दुप्पट. तो जमिनीलगत पसरतो, ओट्याखाली साचतो. वाफ आणि तेलाचा धूर मात्र वर जातात. म्हणजे सध्या सेन्सर फोडणी पकडायला उत्तम जागी आहे आणि गळती पकडायला वाईट. जमिनीपासून तीस सेंटिमीटरच्या आत, शेगडीपासून दीड-दोन मीटरवर, सिलिंडर ज्या बाजूला आहेत तिकडे लावा. खानावळीत फरशी रोज धुतली जाते, म्हणून वरून आणि समोरून पाणी उडणार नाही असा आडोसा द्या, पण खालून मोकळा ठेवा. सिलिंडर बाहेरच्या खोलीत असतील तर तिथे दुसरा सेन्सर लागेल. पुण्या-मुंबईसारखा पाइपचा गॅस असता तर हे सगळं उलटं झालं असतं. तो मिथेन, हवेपेक्षा हलका, त्याचा सेन्सर छताजवळ आणि जातही वेगळी.

एवढं करूनही फोडणीचा त्रास राहिला तर एमक्यू-६ सोडून टीजीएस २६१० चा ‘डी’ प्रकार घ्या. त्याच्या टोपीत कोळशाची गाळणी असते, ती अल्कोहोलसारख्या वाफा अडवते आणि ब्युटेन जाऊ देते. उत्तर थोडं सावकाश येतं, पण स्वयंपाकघरासाठी मी तोच निवडतो. हीटरही पाऊण वॅटऐवजी पाव वॅटच्या जरा वर खातो. प्रोग्राममध्ये आउटपुट दहा-पंधरा सेकंद सतत बिंदूच्या वर राहिलं तरच वाजव, अशी अट घाला. फोडणीचा लोट येतो आणि जातो, गळती चढत राहते. यापेक्षा जास्त उशीर नको. ‘गेल्या तासाभराची सरासरी हीच स्वच्छ हवा’ असं शिकत जाणारे प्रोग्राम मिळतात, तेही नकोत. रेग्युलेटरच्या रबरी वॉशरमधून होणारी हळू गळती असा प्रोग्राम नेमकी शिकून घेतो आणि गप्प बसतो.

आता सिलिकॉनचं. काही वर्षांपूर्वी एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये वार्षिक तपासणीला गेलो होतो. तिथले अलार्म दर महिन्याला तपासले जात, रजिस्टर भरलेलं होतं. तपासणी कशी करता विचारलं तर तिथल्या मुलाने खिशातून लायटर काढला, न पेटवता सेन्सरच्या तोंडाशी धरून दाबला, आणि अलार्म खणखणीत वाजला. मी मोजलेला गॅस लावला, एलईएलच्या २० टक्के. पाचपैकी दोन अलार्म गप्प. पाच मिनिटं धरून ठेवला तरी गप्प. शोधता शोधता कळलं की दोन महिन्यांपूर्वी धुराड्याची फट सिलिकॉन सीलंटने भरली होती, या दोघांच्या अगदी डोक्यावर. सीलंट वाळताना त्याच्या वाफा सेन्सरच्या गरम थरावर येतात, तिथे जळून वाळूसारखा लेप बसतो आणि थर कायमचा बधिर होतो. लायटर तोंडाशी धरला की तिथे काही टक्के गॅस जातो, खऱ्या अलार्मबिंदूच्या कितीतरी पट. मेल्यात जमा झालेला सेन्सरही त्याला उत्तर देतो. लायटरने एवढंच कळतं की वायर तुटलेली नाही. शिवाय तो झोत वारंवार दिला तर चांगला सेन्सरही बिघडतो. तेव्हापासून सीलंट, सिलिकॉनचा स्प्रे, केसांचं सिरम यांबद्दल मी प्रत्येक ठिकाणी विचारतो. तुम्हीही काकूंना विचारा.

बिघाड ओळखायची सोय प्रोग्राममध्ये ठेवा. हीटर तुटला की थर थंड पडतो, रोध प्रचंड वाढतो आणि आउटपुट शून्याकडे जातं. तुमच्या सध्याच्या प्रोग्रामला ते ‘एकदम स्वच्छ हवा’ वाटेल. २० किलोओहम लोडवर स्वच्छ हवेत ०.७५ व्होल्ट येतात, म्हणून आउटपुट ०.२ खाली गेलं तर वेगळ्या आवाजात ‘सेन्सर खराब’ असं वाजवा. १ किलोओहमच्या लोडवर स्वच्छ हवा आणि तुटलेला हीटर यांत फरकच दिसला नसता, तो बदलायचं हे आणखी एक कारण.

अलार्म वाजल्यावर रिलेने (विजेने चालणाऱ्या स्विचने) एक्झॉस्ट फॅन सुरू करायचा तुमचा विचार मात्र सोडा. साधा फॅन आणि साधा रिले दोन्ही ठिणगी टाकतात. सेन्सरपाशी १० टक्के असताना गळतीच्या तोंडाशी प्रमाण कितीतरी जास्त असतं. रिले वापरायचाच तर गॅसच्या लाइनवर वीज गेली की आपोआप बंद होणारा, गॅससाठी बनवलेला सोलेनॉइड व्हॉल्व्ह जाणकाराकडून बसवून घ्या, आणि रिलेसकट सगळं इलेक्ट्रॉनिक्स स्वयंपाकघराबाहेर ठेवा. माणसांनी काय करायचं ते भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावा: बटणं चालू-बंद करू नका, शेगड्या बंद, सिलिंडरचा रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघडा, बाहेर या, मग १९०६ या एलपीजी गळतीच्या मदतक्रमांकाला फोन करा.

आणि एक गोष्ट तुम्हाला आवडणार नाही, तरी सांगतो. तुमचं यंत्र बनवून शिकायला उत्तम आहे, आणि नीट कॅलिब्रेशन केलं तर ते काकूंच्या उपयोगी पडेल. पण १९ किलोची व्यावसायिक सिलिंडरं असलेल्या स्वयंपाकघरात ते एकटं नको. शेजारी एक प्रमाणित अलार्म विकत घेऊन लावा. बंदिस्त सिलिंडर-खोलीसारख्या धोक्याच्या जागी तर साधं मॉड्यूल चालतच नाही, तिथे स्फोटरोधक बनावटीचंच उपकरण लागतं. आपल्याकडे त्याला मान्यता देणाऱ्या पेसोचं (पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेची केंद्रीय संस्था) मुख्यालय नागपूरला आहे.

राहिला प्रश्न किती दिवसांनी कॅलिब्रेशन करायचं. पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी डब्याचा प्रयोग करा, फक्त १४०० पीपीएमचा. आधीच्या रोधापेक्षा आताचा रोध पंचवीस टक्क्यांहून जास्त वाढला असेल तर बिंदू सरकवत बसू नका, सेन्सर बदला आणि कारण शोधा. वर्षभर आकडा जागेवर राहिला तर सहा महिन्यांवर जा. पाच वर्षांनी तो कसाही असला तरी बदला. सेन्सर बसवल्याची तारीख, त्याचा १४०० पीपीएमचा रोध आणि लोडचा मोजलेला आकडा एका चिठ्ठीवर लिहून यंत्राच्या डब्याच्या आतल्या बाजूला चिकटवा. आधी मात्र तो १०२ चा रेझिस्टर बदला, तीन दिवस तापवा, आणि १०००, १४००, ३००० चे तीन आकडे मला कळवा. तुमच्या सेन्सरचा उतार काढून बिंदू कुठे लावायचा ते आपण मिळून ठरवू.